गाणे पोहोचते तेव्हा नेमके काय पोहोचते?

प्रश्नकर्त्याने असे विचारले आहे की, स्टुडिओत एकेका ओळीसाठी तासन्‌तास खर्ची पडतात, पण ऐकणारा ते गाणे शेवटी फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर किंवा प्रवासातल्या गोंगाटात ऐकतो. मग ती मेहनत त्याच्यापर्यंत पोहोचते का, आणि निम्मेअधिक वाटेतच सांडत असेल, तर तसल्या फाटक्या आवाजातले गाणेसुद्धा माणसाच्या डोळ्यांत पाणी कसे आणते? ध्वनिमुद्रण, मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) आणि मास्टरिंग (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवणे) हेच काम मी पंचवीसहून अधिक वर्षे करत आलो आहे आणि हा प्रश्न माझ्या कामाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचे तर गाणे अख्खे असे कधीच कोणापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतात त्या काही खुणा, आणि त्यांवरून गाणे ऐकणाऱ्याच्या डोक्यात नव्याने उभे राहते. काही खुणा गळाल्या तरी कान पदरचे घालून ती जागा भरून काढतो. काही गळाल्या तर मात्र त्याचाही इलाज चालत नाही. कोणती खूण कोणत्या जातीची, हे ओळखता येणे म्हणजे आमचे निम्मे काम.

यावर कोणी म्हणेल की, निदान समोर बसलेल्या श्रोत्याला तरी गाणे जसेच्या तसे मिळत असणार. तेही खरे नव्हे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे १७ मीटर मागे बसलेल्याला प्रत्येक स्वर सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा मिळतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. बंद सभागृहात भिंती आणि छत तोच आवाज परत पाठवतात, आणि हे परतून आलेले ध्वनी मूळ ध्वनीनंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आले तर कान त्यांची वेगळी दखल घेत नाही. तो त्यांना मूळ आवाजात मिसळून टाकतो आणि सगळा आवाज गायकाच्याच दिशेने आला, असा निवाडा देतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून आम्ही अजूनही त्याला हास परिणाम म्हणतो. थोडक्यात, पहिल्या रांगेतला श्रोताही संपादित आवृत्तीच ऐकत असतो; संपादन त्याचे स्वतःचे कान करतात, एवढाच फरक.

ध्वनिमुद्रणाने या संपादनात आपली भर घातली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मधला, आणि विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण रूढ झाले ते १९२५ नंतर. मधली जवळजवळ पन्नास वर्षे गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई हलून खोबण कोरली जाई. मऊ आवाजाच्या गायकाची तिथे डाळ शिजत नसे. डबल बेस या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा नाद नीट उमटत नाही म्हणून त्याची जागा अनेकदा ट्यूबा या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याला दिली जाई. मग माइक आला आणि गळतीच्या या इतिहासात एक उलटी गोष्ट घडली: वाटेत काही कमी होण्याऐवजी भर पडली. गाण्याआधी घेतलेला श्वास, शब्द सुरू होताना ओठ सुटण्याचा बारीकसा आवाज, शेवटचे अक्षर हवेत विरत जाणे, हे सगळे हजारो अनोळखी माणसांना ऐकू येऊ लागले. चार बोटांच्या अंतरावरून आपल्याशी बोलणारे माणूस आयुष्यात फार थोड्या वेळा भेटते, आणि ते बहुधा आपलेच असते. माइकने ती जवळीक परक्याच्या आवाजाला देऊन टाकली. बिंग क्रॉस्बी यांच्यासारख्या गायकांची अख्खी शैली याच जवळिकीवर उभी राहिली. एका दिशेने ऐकणारे माइक तोंडाजवळ नेले की खर्ज आपोआप वाढतो, हा त्यांच्या बनावटीतला दोषच म्हणायचा. पण गायकांनी त्याचा असा काही उपयोग करून घेतला की आज तो दोष काढून टाकला तर गाणारा माणूस खोली सोडून गेल्यासारखे वाटते.

भांड्याचा आकार गाण्याला घडवतो, ही गोष्टही येथेच सांगून टाकतो. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनसाडेतीन मिनिटे मावत, म्हणून गाणी तेवढी झाली. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली, तरी सवय सुटली नाही. आज तबकडीचे बंधन नाही, पण बऱ्याच स्ट्रीमिंग सेवांवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते वाजले असे धरले जाते, आणि त्यामुळे सुरुवातीचे वाद्यसंगीत आखडत चालले आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाण्यांत पाच सेकंदांच्या आत गायकाचा आवाज हवा, असा आग्रह आता वारंवार होतो. यात काय हरवते, ते पुढे येईलच.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे काय गळाले तर चालते, याकडे येतो. सीडीवर दर सेकंदाला, डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक बाजूसाठी, आवाजाचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा; हा सगळा माल सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट भरतो. १२८ किलोबिटांच्या एमपी३ फाइलमध्ये त्याचा अकरावा हिस्साच उरतो, आणि तरीही सर्वसाधारण श्रोत्याला फारसे काही गेल्यासारखे वाटत नाही. याचे कारण असे की, मोठा आवाज आपल्या आसपासच्या वारंवारतांमधले बारीक आवाज झाकून टाकतो. जे तसेही ऐकू आले नसते, ते साठवण्यावर जागा खर्च करायची नाही, हा या तंत्राचा गाभा. त्याची मर्यादा कोठे उघडी पडते, हे एमपी३ घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांना गायिका सुझान व्हेगा यांच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यामुळे कळले. ते गाणे नुसत्या गळ्यावर गायलेले आहे, साथीला एकही वाद्य नाही. दाट वाद्यमेळात ज्या चुका दडून जात, त्यांना येथे आडोसाच उरला नाही आणि आवाज चरचरून फाटला. तो आवाज नीट ऐकू येईपर्यंत त्यांनी तेच गाणे पुन्हापुन्हा ऐकत आपली पद्धत सुधारली.

कान नुसते विसरून जातो असे नाही, तो नसलेली गोष्ट निर्माणही करतो. हे मी दर आठवड्याला डोळ्यांनी पाहतो. मिक्स पूर्ण झाला की संगीतकार खिशातून फोन काढतात, त्यावर गाणे लावतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, ‘‘बेस कुठे गेला?’’ बेस कोठेही गेलेला नसतो. बेस गिटारचा ५५ हर्ट्झचा स्वर हलवायला जेवढी हवा लागते, तेवढी तो चिमुकला पडदा हलवूच शकत नाही. अशा वेळी मी बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढतो, तिच्यात हलकी विकृती (डिस्टॉर्शन) घालतो, म्हणजे ११०, १६५, २२०, २७५ अशा पटींतल्या उपस्वरांना, म्हणजे हार्मोनिक्सना, उठाव येतो, मग त्या प्रतीतला खालचा भाग कापून टाकतो आणि जे उरले ते मूळ बेसखाली हळूहळू वर आणतो. मोठ्या स्पीकरवर फरक जेमतेम जाणवतो. फोनवर मात्र बेसची चाल अचानक पावले टाकत येते. गंमत अशी की फोन अजूनही ५५ हर्ट्झ वाजवत नसतो. वरच्या पटींमधले अंतर पाहून मेंदू खालच्या स्वराचा हिशेब मांडतो आणि तो ऐकू आला असे मानतो. साध्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचे जवळपास काहीच जात नाही, आणि पुरुषाच्या बोलण्याची मूळ पट्टी बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या घरात असते. तरीही फोनवर वडिलांचा आवाज आपल्याला बाईचा वाटत नाही, तो याच हिशेबामुळे.

तेव्हा प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे: स्वरांचा रंग, खोली, चकाकी यांत झालेली तूट कान बऱ्याच अंशी सोसतो आणि भरून काढतो. त्याला सोसत नाही ती दोन गोष्टींमधली मोडतोड: एक म्हणजे वेळ आणि दुसरी म्हणजे चढउतार.

चढउताराबद्दल मला थोडी कबुली द्यायची आहे. एकच गाणे दोनदा वाजवले आणि दुसऱ्यांदा पातळी किंचित वाढवली, तर बहुतेकांना दुसरे अधिक चांगले वाटते, मोठे झाल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही. या साध्या खोडीपायी १९९० च्या दशकापासून पुढची पंधराएक वर्षे गाणी लिमिटरखाली, म्हणजे आवाजाची शिखरे दाबणाऱ्या यंत्रणेखाली, घालून चेपण्याची चढाओढ लागली. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले मोठे हवे, मग त्यातले ध्रुवपद आणि अंतरा एकाच उंचीचे झाले तरी बेहत्तर. मीही त्या काळात पुष्कळ गाणी अशी चेपून दिली आहेत. गिऱ्हाइकाला ती आवडली, मला दहा वर्षांनी ती ऐकवत नाहीत. पुढे ध्वनीची पातळी कानाला जाणवते तशी मोजण्याची रीत आली, २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने आर१२८ ही शिफारस काढली, आणि आता मोठ्या स्ट्रीमिंग सेवाही सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून वाजवतात. त्यामुळे चेपलेले गाणे आपोआप खाली ओढले जाते, आणि मग त्याचा मोठेपणाही जातो व जोरही. उरते ती सपाट भिंत. फोनवरचा श्रोता बेस मनाने घालू शकतो, पण गाणे जेथे उसळायला हवे होते तेथे ते उसळलेच नसेल, तर ती उसळी तो कोठून आणणार?

वेळेचेही तसेच. ड्रम वाजवणारा स्नेअरचा ठोका काटेकोर जागेपेक्षा दहापंधरा मिलिसेकंद मागे ठेवतो, तेव्हा गाणे ऐसपैस बसल्यासारखे वाटते. पुढे ठेवतो तेव्हा ते घाईत असल्यासारखे. संगणकावर एक कळ दाबली की सगळे ठोके आखलेल्या रेषेवर जाऊन बसतात. ती कळ दाबून झाल्यावर खोलीतल्या लोकांनी माना डोलावणे थांबवलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्यांना विचारले तर काय बिघडले ते कोणालाही सांगता येत नाही, फक्त कळ परत फिरवली की माना पुन्हा डोलू लागतात.

या दोनच गोष्टी इतक्या जिव्हारी का लागतात, याचे उत्तर प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे. संगीत ऐकताना आपण पुढे काय येणार, याचा सतत अंदाज बांधत असतो. हे शिकवावे लागत नाही. इश्तवान विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जन्मून दोनतीन दिवसच झालेल्या झोपलेल्या बाळांना तालाचे ठेके ऐकवले. मधूनच समेसारखा मुख्य ठोका गाळला की त्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरींमध्ये दचकल्याची नोंद उमटे. ज्याला अजून आईचा चेहराही धड दिसत नाही, ते मूल पुढच्या ठोक्याची वाट पाहत होते. २०११ मध्ये माँट्रियलमध्ये व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोर आणि इतरांनी, गाणे ऐकून अंगावर शहारे येणाऱ्या माणसांचे मेंदू तपासले. शहारा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवते, हे अपेक्षितच होते. पण त्याच्या काही क्षण आधी, ती जागा जवळ येत असताना, दुसऱ्याच एका भागात ते स्रवू लागलेले असते. म्हणजे सुखाचा मोठा वाटा वाट पाहण्यातच आहे. ठोका किती उशिरा पडतो, आवाज किती दबतो आणि मग किती उघडतो, यावर ती वाट पाहणे अवलंबून असते. फोनचा स्पीकर खर्ज गिळतो, पण वाट पाहणे त्याला गिळता येत नाही. ते काम लिमिटर करतो, रेषेवर बसवणारी कळ करते, आणि गायकाला पाचव्या सेकंदाला उभे करण्याचा आग्रहही करतो, कारण ज्याची वाट पाहायला वेळच मिळाला नाही त्याचे येणे ते काय.

याला बळ देणारी गोष्ट ऐकू न येणाऱ्यांच्या जगातून मिळते. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, म्हणजे बहिऱ्या माणसाच्या अंतर्कर्णात बसवून श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देणाऱ्या उपकरणात, सामान्यतः १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात स्वर टिपणाऱ्या आतल्या केशपेशी सुमारे ३,५०० असतात. एवढ्या तुटपुंज्या वाटेने चाल ओळखणे फार कठीण जाते, पण ताल मात्र पुष्कळसा शाबूत पोहोचतो. तालवादक इव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत बहुतांशी गेली होती. त्या तालवाद्ये वाजवताना अनेकदा अनवाणी उभ्या राहतात आणि कंपने पायांतून, अंगातून घेतात. कान हा संगीताचा मुख्य दरवाजा खरा, पण एकमेव नव्हे.

स्मरणाचे काय, असे कोणी विचारेल. गाण्याला आठवण चिकटते आणि म्हणून ते प्रिय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पौगंडावस्थेपासून विशीपर्यंत ऐकलेली गाणी सर्वांत घट्ट चिकटतात, हेही अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. माझा अनुभव असा आहे की, आठवण चिकटते तीसुद्धा बहुधा वेळेलाच. काही वर्षांपूर्वी एक बाई जुनी कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या आईने धाकट्या भावंडाला निजवताना म्हटलेली अंगाई तिच्यावर होती, आणि आई आता नव्हती. मी टेपची सरसर खाली आणली, विजेची ५० हर्ट्झची घूं काढली, आणि मागे पाळण्याची करकर येत होती तीही आलेखावर पाहून एकेक करून, आवाजाला धक्का न लावता, पुसून टाकली. दोन दिवस लागले. मला स्वतःला काम झकास वाटत होते. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘आवाज आईचाच आहे, पण ती चुकल्यासारखी वाटते.’’ मी कारण विचारले, त्यांना सांगता येईना. दुसऱ्यांदा ऐकताना माझे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. प्रत्येक ओळ सुरू होण्याच्या किंचित आधी त्यांचे बोट टेबलावर पडत होते, नेमके जेथून मी करकर पुसली होती तेथेच. आई पाळण्याच्या झोक्यावर ओळ उचलत होती. करकर हा त्या गाण्याचा ठेका होता. ‘‘ती करकर परत घाला,’’ त्या म्हणाल्या. मी घातली, सरसरही बरीचशी परत घातली, आणि त्यांनी पैसे पूर्ण कामाचे दिले, याची मला आजही थोडी लाज वाटते.

गाणे मनाला भिडते, हा नियम मात्र सर्वांना लागू नाही. ऐकणे, समजणे, इतर गोष्टींतले सुख सगळे ठीक असूनही संगीतातून काहीच आनंद न मिळणारी माणसे असतात, असे बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. अशा माणसाला कोणी अरसिक म्हणून हिणवू नये; त्याच्या मेंदूत ऐकण्याचे आणि सुखाचे भाग एकमेकांशी कमी जोडलेले असतात, इतकेच.

प्रश्नकर्त्याला व्यवहाराचे उत्तर हवे असेल तर मी असे म्हणेन की, फोन बदलण्याची घाई करू नये. शक्य असेल तेव्हा गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे, गोंगाट असेल तर आवाज वाढवण्याऐवजी कानात घट्ट बसणारे इअरफोन घालावेत, म्हणजे हळू जागा झाकल्या जाणार नाहीत. आवाज वाढवण्याचा मोह टाळावा असे म्हणतो ते केशपेशींसाठी, कारण माणसाच्या कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि सर्वांत आधी जातात त्या सर्वांत वरचे स्वर टिपणाऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने आठवड्यात ८० डेसिबल पातळीवर ४० तास ऐकायला हरकत नाही. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला जेमतेम ५ तास. मला हे उशिरा कळले. तरुणपणी हेडफोनवर रात्र रात्र मोठ्याने मिक्स करत बसल्यामुळे माझ्या डाव्या कानाचे वरचे टोक गेले आहे, आणि सिम्बलची शेवटची चकाकी बरोबर आहे की नाही, हे आता मी माझ्या पंचविशीतल्या सहायकाला विचारतो.